उजवा पुढचा खूर

शिलाईचा कारखाना बंद पडला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी मावशी घोड्यांच्या फार्मवर शिकाऊ म्हणून लागली. "स्वतःचे गुडघे धरलेत आणि घोड्यांचे पाय उचलणार!" म्हणून आम्ही मेले खिदळलो. तिथल्या वस्तादांनी तिला तीन महिने नुसते खूर साफ करायला लावले. लगामाला हात लावू दिला नाही. हूं की चूं न करता ती खूर खरवडत राहिली.

एका सकाळी वस्ताद घोडीवर खोगीर चढवत होते, तर मावशी आडवी उभी राहिली.

"आज हिच्यावर बसायचं नाही. उजवा पुढचा खूर गरम लागतोय."

वस्ताद भडकले, पण त्यांनी वाकून खूर चाचपला आणि खोगीर उतरवलं.

"उद्यापासून लगाम धरा, बाई."

"आधी हिचा पाय बरा होऊ द्या," म्हणत मावशीने तो खूर पुन्हा मांडीवर घेतला.