पाणी मीच सोडत होतो

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. खैरनार काकांना ज्या चुकीपायी अमेरिकेतल्या अल्फारेटाहून मुदतीआधी परत जावं लागलं, ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. ती त्यांचीच होती असं सगळे समजतात. तसं नाही. मी ती त्यांच्या गळ्यात घातली, सकाळी साडेसातच्या लख्ख उजेडात, दोन घरांच्या मधल्या गवतावर उभं राहून.

काका म्हणजे माझ्या शेजारच्या प्रशांतचे वडील. मनमाडच्या बाजूच्या एका छोट्या नगरपालिकेत तीस वर्षं चावीवाले होते. कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातात. बायको गेल्यावर प्रशांतने २००७ च्या उन्हाळ्यात त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. पहिल्या सकाळी मी गाडी बाहेर काढत होतो, तर जॉर्जियाच्या त्या चिकट उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक वाळका माणूस कुंपणापाशी उभा. ना नाव ना ओळख. विचारलं काय, तर "पाणी आलं का?"

मला हसू आलं. म्हटलं, काका, इथे पाणी येत नाही, असतं.

"असतं?" ते म्हणाले. "मग ते तुम्हाला दिसत नसणार."

असं तोडून बोलायची त्यांना सवय होती, आणि ती सगळ्यांना मानवत नसे. टबात बादली ठेवून ते आंघोळ करत आणि अंगावरून ओघळलेलं पाणी प्लास्टिकच्या मगाने उपसून मिरच्यांना घालत. सून सोनाली वैतागायची. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि बाथरूममध्ये गेले ते वीस मिनिटं बाहेर येईनात. मी दार वाजवणार, एवढ्यात बाह्या सरसावलेले बाहेर आले आणि म्हणाले, "तुमचा फ्लश सारखा रडत होता, सतीशराव. गप्प केला." आम्ही चार वर्षं त्या घरात होतो. मला ते रडणं कधी ऐकू आलं नव्हतं.

त्यांच्या सख्ख्या बहिणीचं घर त्यांच्याच हद्दीत होतं. एका दुष्काळी वर्षी तिच्याकडे लग्न निघालं. तिने भावाला निरोप धाडला, आमच्या गल्लीला दहा मिनिटं जास्त दे. काकांनी दिली नाहीत. लग्न टँकरवर झालं, बहीण सहा वर्षं बोलली नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, की फुशारकीही नव्हती. "तिची दहा मिनिटं दुसऱ्या गल्लीच्या हंड्यातून काढावी लागली असती," एवढंच म्हणाले. त्या माणसाकडे मिरवण्यासारखी तीच एक गोष्ट होती, की पाण्यात त्याने कधी लबाडी केली नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आम्हाला पाणी पुरवणारं तळं इतकं उतरलं की बोटींचे तरंगते धक्के कोरड्या लाल मातीवर टेकले. आधी नियम आला, सम नंबरच्या घरांनी एका दिवशी पाणी घालायचं, विषम नंबरच्यांनी दुसऱ्या. मग फक्त सकाळचे ठरावीक तास. मग सप्टेंबर संपता संपता सरसकट बंदी. बागेला नाही, गाडी धुवायला नाही. कुणी पाणी घालताना दिसलं तर कळवायला फोन नंबर छापून आला आणि आमची हसरी, हात हलवणारी कॉलनी एकमेकांच्या गवताकडे टक लावून पाहू लागली. पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी दंड, तरीही ऐकलं नाही तर पाणी तोडणार. बादलीने आंघोळीचं पाणी घालायला मनाई नव्हती. काका खुश होते. मला म्हणाले, "आता तुमचं गाव शहाणं व्हायला लागलं."

मी झालो नव्हतो. त्याच वसंतात मी समोर नवी हिरवळ अंथरून घेतली होती, आणि ती डोळ्यांदेखत पिवळी पडत होती. एक ताकीद येऊन गेली होती. तरी मी स्प्रिंकलरचा टायमर पहाटे पाचवर लावला. लोक उठेपर्यंत गवत वाळतं, कळणार कुणाला?

ऑक्टोबरात एका सकाळी स्प्रिंकलरचं एक तोंड तुटलं. टायमरने पाणी बंद केलं तोवर ते दोन्ही घरांच्या मधल्या पट्टीवरून वाहत रस्त्यापर्यंत गेलं होतं. कुणीतरी फोन केला असणार. पाणीखात्याचा माणूस आला तेव्हा पट्टीवर काका उभे, हातात रिकामी बादली, पायाखाली चिखल. त्याने त्यांना काही विचारलं. त्यांना कळेना. मी ऑफिसला निघालो होतो. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"या सतीशराव, तुम्हीच सांगा याला."

तो माणूस सभ्य होता, दमलेला होता. म्हणाला, यांना विचार, हे पाणी कुणी सोडलं. मी काकांना विचारलं, पण प्रश्न वळवून. म्हटलं, काका, हा विचारतोय तुमचा पाण्याशी संबंध काय. काका ताठ झाले. इतक्या महिन्यांत या देशात पहिल्यांदाच कुणी त्यांना त्यांचं काम विचारत होतं.

"सांगा त्याला," ते म्हणाले, "तीस वर्षं गावाला पाणी मीच सोडत होतो."

मी इंग्रजीत सांगितलं की पाणी यांनीच सोडलं असं ते म्हणतात.

गाव गाळलं, तीस वर्षं गाळली, आणि 'सोडत होतो'चं 'सोडलं' केलं. बाकी सगळे शब्द त्यांचेच. त्या माणसाने खात्री करायला काकांकडे पाहिलं, आणि काका अभिमानाने मान हलवत म्हणाले, "येस, येस." पाणी रस्त्यापर्यंत गेलं म्हणून ताकीद न देता त्याने प्रशांतच्या घराच्या नावाने थेट दंडाची पावती फाडली.

मी असं का केलं? ग्रीन कार्डाचा अर्ज नुकताच गेला होता. आमच्यात तेव्हा अशी समजूत होती की कसलाही सरकारी कागद नावावर आला की फाइल अडकते. पाण्याच्या दंडाने काही अडकत नाही, हे मला वकिलाने नंतर सांगितलं. आणि प्रशांतचा अर्जही त्याच रांगेत होता, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी प्रशांत माझ्याकडे आला. तो भ्यायला होता. "बाबा म्हणतात मी नाही सोडलं. यार सतीश, तू तिथे होतास. ते खरंच तसं बोलले?"

मी म्हणालो, "हो, तसं बोलले ते."

दुसऱ्या दिवसापासून काकांची बादली गॅरेजमध्ये कुलपात गेली. बाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मी खिडकीतून त्यांना काचेमागे बसलेलं पाहायचो आणि पडदा ओढायचो. मिरच्या आठवड्यात वाळल्या. जानेवारीचं तिकीट प्रीपोन करून नोव्हेंबरचं केलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते निरोप घ्यायला आले. मी एकटाच घरी होतो. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पहाटे पाचला तुमच्याकडे व्हॉल्व्ह उघडायचा," ते म्हणाले. "रोज ऐकायचो. हा कान दुसऱ्या कशासाठी नाहीच."

मी त्यांच्या चपलांकडे पाहत होतो.

"प्रशांतला सांगितलं नाही. त्याला इथे घराबाहेर तुमच्याशिवाय माणूस नाही. तुम्हालाही गमावून बसला तर बोलेल कुणाशी?"

मी त्यांना विचारलं, चहा घेणार का. खरंच हेच विचारलं. ते "नको, पाणी वाया जाईल" म्हणाले आणि गेले.

पुढच्या वर्षी ते वारले. प्रशांत जाऊन आला, मी भेटायला गेलो. तो म्हणाला, "शेवटपर्यंत कबूल नाही केलं रे त्यांनी. एवढीशी गोष्ट होती. आयुष्यभर पाण्याचा प्रामाणिकपणा सांगायचे आणि माझ्या तोंडावर खोटं बोलले. तेच डोक्यातून जात नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला आजही किळस येते.

मला ग्रीन कार्ड मिळालं, पुढे नागरिकत्वही. प्रशांत अजून माझा मित्र आहे, लोकांना ओळख करून देताना मला भाऊ म्हणतो. मराठी वाचायचं त्याने कधीच सोडलं, आणि बहुधा म्हणूनच मी हे मराठीत लिहितो आहे. म्हणजे यातही माझी पळवाट आहेच.

मी प्रशांतला एवढं देणं लागतो: त्याच्यासमोर बसून सांगायचं, की पाणी माझं होतं आणि त्याचे वडील खरं बोलत होते. ते मी अजून सांगितलेलं नाही.