नागव्वाने फाडलेली फळी

रुद्रप्पा सुताराच्या मोठ्या करवतीला दोन मुठी होत्या. एक त्याच्या हातात, दुसरी त्याच्या बायकोच्या, नागव्वाच्या. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या त्यांच्या बोळातून जाणारा येणारा बघायचा, नवरा मुकाट्याने ओढतोय आणि बायको ओढता ओढता बोलतेय.

"अवो, ढकलू नका! आपल्याकडं ओढायची, मग सोडून द्यायची. किती वर्सं झाली, अजून शिकंना माणूस."

"संसार बी असाच करतीस का गं?" कुणीतरी विचारायचं.

"संसारात तर ह्ये नुसतंच ढकलत्यात!"

त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, संसार खरोखरच ढकलावा लागत होता. चौकटी, खाटा, मोडक्या पेट्यांची डागडुजी यावर भागेना. दुधनीला रुद्रप्पाचा थोरला भाऊ बिरप्पा बैलगाड्या बनवायचा. तो सारखा बोलवत होता, या इकडे, खोली रिकामी आहे. लग्नानंतरची पहिली वर्षं नागव्वाने दुधनीतच काढली होती. मीठ घ्यायचं तरी थोरल्या जावेला विचारायचं. पुन्हा तिथे जायची तिची तयारी नव्हती.

अशात ऑर्केस्ट्रावाले अण्णाराव आले. त्यांचा गिटार वाजवणारा पोरगा नोकरी लागून हुबळीला निघाला होता, अर्थातच आपली गिटार घेऊन. "रुद्रप्पा, बाजाच्या पेटीचं लाकूडकाम करतोस, गिटार का नाही? वाजली तर माझी सगळी वाद्यं तुझ्याकडे. दिवाळीला कार्यक्रम आहे."

रुद्रप्पाने आईसमोर, गंगम्मासमोर, शब्द दिला, "ही गिटार वाजली तर हितंच ऱ्हायचं. न्हाय वाजली तर दिवाळी झाली की दुधनी." नागव्वाने तो शब्द मनात कोरून ठेवला.

गिरणीच्या भंगारातून विलायती मशीनचं एक लाकडी खोकं मिळालं होतं. पांढरं, हलकं लाकूड, रेषा कशा केसासारख्या सरळ. त्यातली एकच फळी गिटारीच्या तोंडावर बसेल एवढी रुंद आणि बिनगाठीची होती. वाद्याचा सगळा आवाज या वरच्या फळीवर. रुद्रप्पाने ती रंधा मारून मारून पापडासारखी पातळ केली आणि वाळायला पत्र्यावर ठेवली. सोलापूरचं ऑक्टोबरचं ऊन! संध्याकाळी काढायला गेला तर फळी एका टोकापासून पार मध्यापर्यंत चिरलेली.

"सरस भरून चिकटवू की उद्या," नागव्वा म्हणाली.

"उद्या खंडेनवमी."

खंडेनवमीला सुताराची हत्यारं पाटावर बसतात. करवत, रंधा, पटाशी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याची पूजा होईतोवर त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी रुद्रप्पा ओसरीवर रिकाम्या हातांनी बसला. गंगम्मा पूजा करत होती. पूजा झाल्यावर तिने करडईचं तेल कोमट केलं, हत्यारांना पुसलं आणि उरलेलं मायेने त्या फळीच्या चिरेत चोळलं.

नागव्वा स्वयंपाकघरातून धावत आली. "अत्ती! काय केलंत?"

"टाचंची भेग तेलानं भरती. लाकूड बी कातडंच की झाडाचं."

"आता सरस कसा धरंल?"

गंगम्माचा हात तिथेच थांबला. तिचं तोंड उतरलं. तेल लगेच खरवडून टाकता आलं असतं, पण हत्यारं पाटावर, फुलांखाली. दिवसभर ते तेल फळीत मुरत राहिलं आणि नागव्वा येता जाता बघत राहिली.

दसऱ्याला पूजा उरकल्या उरकल्या रुद्रप्पाने चिरेत सरस भरला, दोरीने आवळलं. दुपारी दोरी सोडली तशी चीर आ वासून मोकळी. त्याने फळी भिंतीला टेकवली आणि आईला म्हणाला, "अव्वा, बिरप्पाला कळीव. आमी येतो."

तेवढ्यात दारात अण्णाराव. खांद्याला त्या पोराची गिटार, हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या, सोन्यासारखं वाजवा! पोरगा आज रात्रीच्या गाडीने जातोय. शेवटची मापं घ्यायची तर आत्ताच घे."

रुद्रप्पाने बोटाने फळी दाखवली. अण्णाराव गिटार उतरवून खाली बसले. दोन पुरुष नि एक म्हातारी, तिघंही फळीकडे बघत बसले. कुणी काही करेना. नागव्वाला ते बघवेना. तिने गिटार मांडीवर घेतली. वरून लाल रंगाने चकचकीत, कुठे काही दिसत नव्हतं. तारांखालून तिने गोल भोकात हात घातला.

"वैनी, तारा तुटतील!"

"थांबा की!" तिची बोटं आतून चाचपत होती. फळीच्या बरोबर मध्ये काहीतरी लागलं. चौकोनी, लहान. थोडं पुढे आणखी एक. "अत्ती, कुंकवाच्या पेटीतला आरसा द्या. लवकर!"

आरशाने तिने उन्हाचा कवडसा भोकात पाडला आणि मान वाकडी करून आत डोळा लावला. आत रंग नव्हता. फळीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक सरळ रेष, आणि तिच्यावर आडव्या चिकटवलेल्या लाकडाच्या टिकल्या.

"ही बी चिरलीय!" ती ओरडली. "अवो, बघा!"

रुद्रप्पाने बघितलं. पुन्हा बघितलं. "चिरलेली न्हाय गं. जोडलेली हाय. दोन फळ्या... मला वाटलं एकच असती."

"मग आपली अर्धी चिरलीय ती पुरी चिरा, तेलकट कडा काढा अन् जोडा!"

"आज? दसऱ्याला फाडायचं?" गंगम्मा उभी राहिली.

"हत्यारांची पूजा झाली न्हवं? मग हत्यारांना काम द्या." रुद्रप्पाचा हात पटाशीकडे जाईना, म्हणून तिनेच उचलली. चिरेच्या तोंडात धार ठेवली, वरून मोगरीचा एक ठोका. फळी रेषेरेषेने, सुरीने कापावी तशी दोन झाली. अण्णारावांनी डोळेच मिटले होते.

मग धांदल उडाली. रुद्रप्पा दोन्ही कडा रंधायला लागला. प्रत्येक सालपट नागव्वा वर्तमानपत्रावर दाबून बघायची. कागद तेलकट होतोय तोवर, "अजून!" रुद्रप्पा रंधायचा, ती दाबायची, "अजून!" शेवटी एक सालपट कोरडं उठलं. तोवर फळी रुंदीला दोन बोटं कमी झाली होती.

"आता मापात बसत न्हाय," रुद्रप्पा म्हणाला.

"बाजूच्या पट्ट्या वाकवल्यात का अजून? न्हाय न्हवं? मग गिटारच पोटात बारीक करा."

"गिटार करायची की उपाशी सून?" अण्णाराव म्हणाले, पण आता त्यांच्याही बाह्या वर गेल्या होत्या.

कोरड्या कडांना गरम सरस लावला. जोड आवळायला एका जाड फळकुटावर फळीच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकले आणि खिळे नि फळी यांच्यामध्ये पाचरी मारल्या. आतून, जोडावर आडव्या, टिकल्या बसवल्या, तशाच, मोजून. पुढच्या दिवसांत पट्ट्या वाकल्या, पाठ बसली, दांडा बसला. फळीला तेल सोडाच, पाण्याचा हातही लावायला नागव्वाने कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर अण्णाराव तारा घेऊन आले. एकेक तार पिळली जाऊ लागली. प्रत्येक पिळाला वरची फळी किंचित फुगत होती. नागव्वाने पदर तोंडात धरला. गंगम्मा चूल सोडून आली. शेवटची तार चढताना कुठेतरी कट्कन वाजलं. रुद्रप्पा जोडावर वाकून बघू लागला.

"खुंटी बसली," अण्णाराव म्हणाले आणि सगळ्या तारांवरून एकदम बोटं फिरवली.

आवाज बोळात गेला. समोरच्या घरातली बाई पीठ मळता मळता, तसेच हात घेऊन दारात आली. अण्णाराव थांबेनात. एक गाणं, दुसरं गाणं, मध्येच, "अरे, बारीक आहे पण गळा काय आहे हिला!" रुद्रप्पा हसत होता आणि आपण हसतोय हे त्याला कळत नव्हतं.

"मग दुधनीचं काय?" नागव्वाने सासूकडे बघून विचारलं. "तुमचं मन तिकडं, थोरल्याकडं."

"माझं?" गंगम्मा म्हणाली. "थोरली मला मीठ बी मोजून देती. तुमी गेला असता तर मला बी जावं लागलं असतं, म्हून तर तेल लावलं. फळी बरी व्हावी म्हून."

"आधी बोलायचंत की, अत्ती!"

"तू बोलू देतीस कुणाला?"