हजेरीचा रकाना

गोविंदमास्तर नसते तर मी आज हे लिहू शकलो नसतो. बारामतीत त्यांनी मला स्वतःच्या पडवीत ठेवून शिकवलं. मी बी.ए. झालो तेव्हा आपला काळा कोट मला दिला. तोच कोट घालून मी इंदापूरच्या कचेरीत उभा होतो. अव्वल कारकुनानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोट चोरीचा तर नव्हे ना रे?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

जागा गुप्त टपालाच्या कारकुनाची होती. छापील कागद भरून द्यायचा होता. त्यात एक रकाना होता : घरातील कोणास पोलिसांची हजेरी आहे काय? आमच्या जातीवर सरकारनं जन्मतःच चोरीचा शिक्का मारलेला. अंथुर्ण्यात माझे आबा रोज सकाळ-संध्याकाळ चावडीवर जाऊन हजेरी देत. वीस वर्षं. चोरी एकदाही केली नव्हती.

मास्तर म्हणाले होते, "नाही असं लिही. घरात कोणाला हजेरी नाही, असं चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यात लिहून मी सही केली आहे."

मी 'नाही' लिहिलं. पण कारकुनाला कुठून तरी कुणकुण लागली होती.

"उद्या बापाला घेऊन ये."

वाटेत मी आबांना पढवलं. "इचारलं तर एवढंच म्हणा, मी शेतकरी हाय, हजेरी न्हाय."

"व्हय रं. तुज्या बी.ए.पेक्षा सोपं हाय की!"

कारकुनानं काही विचारलंच नाही. फक्त आबांचं नाव मोठ्यानं पुकारलं. नुसतं नाव.

आबा जागच्या जागी उकिडवे बसले. पागोटं काढून पुढ्यात ठेवलं. मान खाली.

"हजर हाय, सरकार."

कचेरी हसून हसून वाकली. शिपाई म्हणाला, "म्हातारा लई शिस्तीचा हाय बरं का!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं रं माजं."

कारकुनानं माझा कागद पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "पोरगा हुशार आहेस. बाप मयत, आणि हा घरचा गडी, असं लिहून दे. जागा तुझी."

आबाच बोलले, "लिही रं. गडी तर गडी."

टाक हातात होता. मी 'नाही' खोडलं. 'होय' लिहिलं. खाली लिहिलं : समोर बसलेले हे माझे वडील. मग पागोटं उचलून आबांच्या हातात दिलं. जागा गेली.

त्याच दिवशी मास्तरांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप गोविंदमास्तर यांसी, शिरसाष्टांग नमस्कार.

मी रकान्यात खरं लिहिलं. तुमच्या दाखल्याबद्दल आता तुम्हाला विचारणा होईल. मायेपोटी तुम्ही खोटी सही केलीत. तुमचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. तरीही सांगतो, माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलू नका. आमचं लपवण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर हा रकाना ज्यांनी छापला त्यांना वाटू द्या.

कोट परत पाठवत नाही. उद्या सकाळी तो घालून चावडीवर आबांच्या शेजारी उभा राहणार आहे. उभा. बसणार नाही, आबांनाही बसू देणार नाही. हजेरीतली सगळी नावं उतरवून घेईन आणि एकेक नाव काढण्यासाठी अर्ज लिहीन. लिहायला तुम्हीच शिकवलंत."