ताईच्या खोलीतला अंधार

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लालबागला डंकावर मसाला कुटून घेत होते. मिरचीच्या खकाण्याने डोळे आधीच वाहत होते, त्यामुळे मी रडतेय हे कुणाला कळलंच नाही...

माझी ही थोरली बहीण कॉलेजच्या प्रयोगशाळेत समुद्रातलं शेवाळ वाढवायची. खडकावरचं नव्हे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, बाटलीतल्या पाण्याला चहासारखा रंग देणारं. मे महिन्यात कॉलेजचा एसी बंद, म्हणून ती मूळ वाणाची बाटली परळच्या घरी, स्वतःच्या खोलीत आणायची; यंदाही आणली होती. गिरगावच्या समुद्रातून तिनेच वेगळा केलेला तो वाण. दुसरीकडे कुठेच नाही. "अगं, लोक मांजरं पाळतात, तू हे काय घेऊन बसलीस?" मी चिडवायचे. "हेही बोलतं गं," ती म्हणायची. "उजेड फार झाला की रंग टाकतं, चरबी धरतं. उकाडा वाढला की आतलं चांगलं तेल कमी होतं."

ती गेली त्या खोलीत आईने दिवा लावला. तेराव्यापर्यंत विझता कामा नये, म्हणून पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद. शिवाय पोरीला अंधार नको, म्हणून ट्यूबलाइट अहोरात्र चालू. बाटली हलवू म्हटलं, तर आई म्हणाली, "तिथलं काही हलवायचं नाही. तिला ओळखीचं राहू दे." रोज पाण्याचा रंग उतरत गेला. ताई गेली, आता हेही... आणि बोलावं, तर आईचा सगळा जीव त्या दिव्यात अडकलेला. त्या बाटलीकडे बघायची भीती, आईच्या तोंडाकडे बघायची त्याहून जास्त.

शेवटी एका संध्याकाळी धीर केला. "आई, ताईचं शेवाळ मरतंय गं. त्याला रात्र हवी. ती रोज या वेळी लाइट बंद करायची."

"दिवेलागणीला अंधार करू? डोकं फिरलंय तुझं!" आई खेकसली. मग त्या फिक्या पाण्याकडे बघत बसून राहिली. उठली, ज्योतीला हाताचा आडोसा धरून दिवा बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. येऊन पंखा लावला. ट्यूबलाइटच्या बटणापाशी मात्र ती थांबली.

"ती घाबरेल का गं?"

"नाही गं. तिनेच अंधार केला असता."

तेरावं होऊन गेलं आता. रंग परत येईल की नाही, मला ठाऊक नाही. रोज सकाळी ते दार उघडून मी आधी बाटलीकडे बघते. पण तिन्हीसांजेला अख्खं परळ दिवे लावतं, तेव्हा आई त्या खोलीत जाते, लाइट बंद करते आणि अंधारात हळूच म्हणते, "झोप आता, बाळा."