एकही सामना न खेळलेला प्रमुख पाहुणा

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बॉक्स क्रिकेट स्पर्धेला प्रमुख पाहुणा मिळेना, तेव्हा समितीच्या बैठकीत मी छाती पुढे काढून सांगितलं की पाहुणा माझ्याकडे लागला, आंतरराष्ट्रीय खेळाडू आणतो. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर असा पाय दिला की अंगठ्याच्या नखाचा रंग अजून परत आलेला नाही.

माझ्या बोलण्याला आधार होता, थोडासा का होईना. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात माझ्या शेजारी एक जपानी बाई बसते. तीन वर्षांत ती माझ्याशी जितकं बोलली, तितकं मी लिफ्ट येईपर्यंत बोलतो. एकदा जेवताना ती म्हणाली होती की तिचे वडील हल्ली तिच्याकडेच राहतात आणि पूर्वी ते अठरा वर्षं एका प्रोफेशनल बेसबॉल संघात होते. त्यापुढेही ती काहीतरी सांगत होती. पण तोवर मी मनातल्या मनात त्यांना शाल पांघरून, नारळ देऊन, फोटोसुद्धा काढून मोकळा झालो होतो.

ते राहायला पासिर रिसलाच, आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून. रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, त्यांना गाठलं. सत्तरीचा, ताठ बसणारा माणूस. डावा पंजा म्हणजे आल्याची गाठ, पाच बोटं पाच दिशांना. मी कॉफी मागवली, वही काढली आणि विचारलं, एकूण सामने किती?

"एकही नाही," ते म्हणाले.

माझ्या हातातला कप खाली यायला पाच मिनिटं लागली असतील.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना संघात घेतलं होतं ते कॅचर म्हणून. कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या समोर उकिडवं बसून चेंडू झेलणारा. पण दुसऱ्याच वर्षी त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही मैदानात उतरायचं नाही. कडेला पिचर सामन्याआधी हात गरम करतात, तिथे बसून त्यांचे चेंडू घ्यायचे. रोज दोनशे चेंडू, पुढची सतरा वर्षं. अशी माणसं प्रत्येक संघात असतात म्हणे, आणि धावफलकावर एकाचंही नाव येत नाही.

"पिचर घाबरलेला असतो," ते म्हणाले. "चेंडू मिटच्या बरोबर ठिकाणी घेतला की मोठा आवाज होतो. तो ऐकून त्याला वाटतं, आज आपला हात चांगला आहे. मग तो खेळायला जातो. मी तिथेच राहतो." मिट म्हणजे त्यांचा तो उशीएवढा चामड्याचा हातमोजा.

"म्हणजे तुम्ही त्याचा चेंडू वाढवून सांगायचात," मी म्हणालो. मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. मीही आयुष्यभर दुसरं काय केलंय?

त्यांनी मान हलवली. "वाढवून नाही. आत जेवढा आवाज आहे, तेवढा पूर्ण बाहेर काढायचा."

मी आमंत्रण दिलं. निघताना ते म्हणाले की कार्यक्रमाला मुलगीही येणार आहे. लहानपणी ती वडील दिसतील म्हणून टीव्हीवर सामना पाहत बसायची. वडील कधी दिसले नाहीत. एक दिवस तिनं पाहणं सोडलं. तेव्हापासून कुणी विचारलं तर ती "बाबा संघात कामाला होते" एवढंच सांगते.

"मी खेळलो असं सांगू नका. तिला खोटं कळतं. पण..." ते म्हणाले, आणि कॉफी ढवळत राहिले. त्या कॉफीत साखर नव्हती.

तो आठवडा कसा गेला ते मलाच ठाऊक. परिचय लिहायचा आणि फुगवायचा नाही, म्हणजे मला हात बांधून पोहायला सांगण्यातला प्रकार. बायकोनं पहिला कागद वाचून सांगितलं, "अरे, एका पानात तीनदा जगप्रसिद्ध?" तिनं एकेक खोटा शब्द खोडला. शेवटी कागदावर पाहुण्यांचं वय तेवढं उरलं.

स्पर्धा होती बुकित पंजांगच्या छप्पर असलेल्या कोर्टवर. माणसं दोनशे जमली होती. (बायको म्हणते सत्तर. तिला लांबचं कमी दिसतं.) मंडळाच्या अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, पाहुणे खेळाडू आहेत ना नक्की?" मी म्हटलं, अठरा वर्षं. ते खरंच होतं.

माइक हातात आला. तिसऱ्या रांगेत त्यांची मुलगी खाली मान घालून बसलेली. मी सांगून टाकलं की आजच्या पाहुण्यांनी आयुष्यात एकही सामना खेळलेला नाही.

"मग आणलंय कशाला त्यांना, दादा?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. मुलीची मान आणखी खाली गेली.

आणि माझं तोंड, ज्याला बायको नळ म्हणते, तेच बंद पडलं. समोर पाहुणे मिट मांडीवर घेऊन बसले होते. मिटचा आकार बिघडू नये म्हणून त्यात एक चेंडू कायम ठेवलेला असतो. तो दिसला आणि मला एवढंच सुचलं, की कुणीतरी यांना चेंडू टाका.

अंतिम सामन्यात ज्याच्या बोलिंगची धुलाई झाली होती, तो पुण्याचा पोस्टडॉक तोंड पाडून कोपऱ्यात बसला होता. त्यालाच उठवलं. पाहुणे कोट काढून उकिडवे बसले. पोरानं मनाविरुद्ध चेंडू फेकला.

फाड्!

पत्र्याखालच्या साळुंक्या उडाल्या. पोरगा आपल्या हाताकडे बघत राहिला. "नाइस बॉल," पाहुणे म्हणाले आणि चेंडू परत दिला.

"अजून एक टाकू?" पोरानं विचारलं.

पाचव्या चेंडूपर्यंत त्याचा हात खरंच सुटला होता, आणि त्याच्यामागे रांग लागली होती. ताई पदर खोचून उभ्या. मघाशी टोमणा मारणारे गृहस्थ त्यांच्या पुढे. एक चिमुरडी सारखी सिंगापुरी इंग्रजीत "अंकल, माय टर्न लाह" करत होती. प्रत्येकाला फाड्, प्रत्येकाला नाइस बॉल. माझा खांदा आखडलेला, माझा चेंडू वाटेत झोपायचा. पण त्यांनी तो पुढे सरकून असा घेतला की मीच माझ्याकडे आदरानं पाहिलं.

मी वळलो तेव्हा रांगेच्या शेवटी त्यांची मुलगी उभी होती.

तिची पाळी आली. ती मला हळूच म्हणाली, "आम्ही घरी कधीच खेळलो नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांचा हात बर्फात असायचा." मग तिनं चेंडू फेकला. तो पार बाजूला गेला. म्हातारा बसल्या जागेवरून झेपावला आणि चेंडू घेतला. आवाज केवढा झाला हे मी सांगणार नाही. सांगितला तर तुम्ही निम्मा कापाल, आणि या वेळी कापण्यासारखं त्यात काहीच नाही.

ते नाइस बॉल म्हणाले नाहीत. जपानीत काहीतरी लांबलचक बोलले. ती हसायला लागली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चेंडू सुटण्याआधीच माझा खांदा पुढे वळतो. पुन्हा टाक म्हणतात."

तिनं पुन्हा टाकला. मग पुन्हा. त्यानंतर किती वेळा ते मोजलं नाही, पण पुलाव थंड झाला आणि एकही मराठी माणूस ताटाकडे गेला नाही. मंडळाच्या इतिहासात असं आजवर घडलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात ती लिफ्टपाशी एका नव्या मुलाला सांगत होती की माझे वडील प्रोफेशनल कॅचर होते, आणि त्यांच्या मिटचा आवाज काल पार बुकित पंजांगच्या स्टेशनपर्यंत गेला. स्टेशन तिथून दहा मिनिटं लांब आहे.

मी काही दुरुस्त करायला गेलो नाही.