थंडीची चाकं

दिवाळीचे फटाके वाजून संपले की आमचे हे अंगणात जॅक लावून बसतात आणि गाडीची चाकं बदलतात. फौजेत ड्रायव्हर होते, लडाखला बर्फात गाड्या चालवल्या. थंडीचे टायर वेगळे असतात हे तिथं डोक्यात बसलं, ते पेन्शनीत आल्यावरही निघालं नाही. गावातली माणसं कट्ट्यावरून विचारायची, "काय फौजी, कृष्णा गोठली का काय औंदा?" हे तिकडं बघायचेसुद्धा नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की साखर कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला चर पाडतात, पाचट सांडतं, वर पहाटेचं दव पडतं आणि गाडी सटकते. म्हणून थंडीला जाड नक्षीचे टायर, तेही वेगळ्या रिमांवर. शिमगा झाला की परत उन्हाळ्याचे. मी साताऱ्यात वाढलेली. आमच्याकडं थंडी पडली की वाकळ बाहेर काढतात. चाकं काढणारा माणूस मी लग्न झाल्यावरच बघितला.

खरं सांगायचं तर त्यांचं काही चूक नव्हतं. पण हे मी त्यांच्या तोंडावर बोलायची नाही.

मी सांगतेय त्या वर्षी पावसाळ्यात सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. मिरजेला ऑपरेशन झालं. आटपाडीहून त्यांचा धाकटा भाऊ बघायला आला, तेव्हा नेमकं त्यांना स्ट्रेचरवरून आत नेत होते. तो व्हरांड्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. घरी गेला आणि थोड्याच दिवसांत त्यालाच झटका आला, एक बाजू लुळी पडली. आत्यांना हे कळलं. मग म्हणाल्या, "त्यानं मला मेल्यागत आडवी बघितलीया. भाऊबीजेला मी आटपाडीला जाणार, आन त्याच्यापतुर चालत जाणार. बघू दे त्याला."

काय जिद्द होती बाईंची! आधी वॉकर धरून अंगण, मग काठी धरून अंगण. गाडीत बसायची रीतही त्यांनी बसवून घेतली. पाठमोरं होऊन आधी सीटवर टेकायचं, मग एकेक पाय आत. उतरताना आधी पाय बाहेर, दोन्ही पावलं भुईला टेकली की काठीवर भार देऊन उभं राहायचं. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, तरी आमच्या गाडीच्या सीटवरून त्यांची पावलं बरोबर खाली पोचायची. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "पोत्यागत उचलू नगासा मला," म्हणायच्या.

आणि नेमकी तेव्हाच ह्यांना चाकांची हौस आली. थंडीच्या रिमा गंजून वाकल्या होत्या हे खरं. आईला लांब न्यायचंय, चाकं झकास पाहिजेत, असं म्हणत हे विश्रामबागेकडच्या एका दुकानात गेले आणि चकचकीत अलॉयच्या मोठ्या रिमा, त्यावर रुंद, उंच टायर बसवून आले. बोल्टांची भोकं जुळली म्हणजे चाक बसलं, असं दुकानदारानं सांगितलं. सगळा जन्म चाकांत गेलेला माणूस, पण त्या चकाकीला भुलला. वर जुन्या दोन्ही जोड्या, थंडीची आणि उन्हाळ्याची, बदलीत देऊन मोकळे! एरवी दिवाळीनंतरचं काम त्यांनी त्या वर्षी दसऱ्यालाच उरकलं. गाडीला हार, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. गाडी सरळ पुढं घेतली, लिंबं फुटली, पेढे वाटले. मागं माणसं बसवून चाकं वळवून बघायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

मग आत्या बसायला आल्या. पाठमोऱ्या झाल्या, टेकायला गेल्या, तर सीट जागेवर नाही. गाडी दोन बोटं वर उचलली गेली होती. कशाबशा बसल्या, पण उतरताना पाय नुसते लोंबकळायला लागले. आम्ही खाली पाट ठेवला. तो फरशीवर डुगडुगला आणि आत्यांनी दाराला जी मिठी मारली! चेहरा पांढराफटक. शेवटी ह्यांनी त्यांना उचलून खाली ठेवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या आणि दिवेलागणीला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. भावाला सांगा, म्हातारी येत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "आवं, गाडी मिरवायला हाय का आईला न्यायला?" मी म्हणाले. तर हे म्हणतात कसे, "हुईल सवय तिला." कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी आत्यांची काठी घेतली. त्यांना उभं करून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतचं माप काठीवर धरलं, तिथं लाल दोरा बांधला आणि ह्यांना म्हणाले, "चला सांगलीला." शेजारची दोघं वाटेत उतरायची म्हणून मागं बसली. पहिल्याच वळणावर आवाज आला, खर्रर्र. टायर मडगार्डला घासत होता. "ऐका तुमची अलॉय," मी म्हणाले. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जुनी चाकं दुकानदारानं कधीच भंगारात घातली होती. "साईज काय देऊ, ताई?" त्यानं विचारलं. मी काठी गाडीच्या सीटला लावून दोरा दाखवला. तो हसला. मी हसले नाही, आणि देवाची कृपा, आमचा फौजीही तेव्हा भानावर आला. मग सांगलीतली दुकानंच्या दुकानं पालथी घातली. एका ठिकाणची रिम मडगार्डच्या बाहेर डोकवायची. दुसरीकडची बरोबर दिसत होती, पण तिचं मधलं भोक मोठं. हे म्हणाले, "चाक मधल्या हबवर घट्ट बसलं पायजे. नुस्तं बोल्टावर लटकलं की रस्त्यावर थरथरतंय." शेवटी मिळाल्या साध्या काळ्या लोखंडी रिमा, मूळ गाडीच्याच मापाच्या. टायर जाड नक्षीचे, पण अरुंद. ह्या वेळी मागं माणसं बसवून स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघितलं. मी काठी लावली. दोरा आणि सीटची कड एका रेषेत. "आता हसा," मी दुकानदाराला म्हणाले.

आत्या उठायलाच तयार नव्हत्या. "नुस्तं टेकून तर बघा," म्हणत म्हणत अंगणात आणलं. टेकल्या, पाय आत घेतले, परत बाहेर काढले. खाली बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "टेकलं गं." माझा जीव भांड्यात पडला.

भाऊबीजेला आटपाडीत पोचलो तेव्हा भावाची खाट अंगणात उन्हाला टाकली होती. भाचे खुर्ची घेऊन धावले. "सरा बाजूला," आत्या म्हणाल्या. पाय बाहेर काढले, पावलं टेकली, उठल्या. मी ओवाळणीचं ताट घेऊन मागं. खाटेवरून भाऊ एकटक बघत होता. त्या पार खाटेपर्यंत गेल्या. त्याचं तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट फुटत नव्हते. तरी तो बोलला, "चा... चालत आलीस, आक्का."

"मग? उचलून आणत्यात व्हय मला?" आत्या म्हणाल्या आणि उभ्यानंच त्याला ओवाळलं. गाडीपाशी आमचे हे उगीच टायरची हवा बघत खाली वाकून बसले होते. डोळे पुसत होते, दुसरं काय!

संक्रांतीच्या आधीच तो भाऊ गेला. आत्या त्यानंतर पुष्कळ जगल्या. आता त्याही नाहीत. गाडी तीच आहे. उन्हाळ्याची चाकंही पुढं त्याच मापाची घेतली. ह्या दिवाळीनंतरही हे जॅक लावून बसले, थंडीची चाकं चढवली, बोल्ट आवळले. मग घरात येऊन कोपऱ्यातली ती लाल दोऱ्याची काठी घेऊन गेले आणि सीटला लावून बघितली. दरवर्षी बघतात. मी सगळ्यावर बोलते, ह्यावर नाही बोलत.