चांगुणाबाईच्या बारा शाली

पालमच्या बस स्टँडला लागून माझं चहाचं हाटेल, अन् हाटेलाला लागून चांगुणाबाईचं फवारनीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान. नवरा वारल्यावर बाईनं पान्हा हातात घेतला, त्याला एकोनीस वर्षं झाली. जीभ लय तिखट. आधी शिव्या, मग दुरुस्ती. "औषध मारल्यावर टाकी धुतली का? न्हाई ना? मग नोझल चोंदनार न्हाई तर काय!" तरी मानूस पुन्हा तिच्याकडंच यायचा, कारन तिनं जोडलेला पंप दोन हंगाम हू की चू करायचा न्हाई.

मग मोबाईलवर बॅटरीचे पंप मिळायला लागले. बिघडला की फेक गोठ्यात अन् मागव नवा. बॅटरीचं कामबी बाईला येतंय, लेकानं, धम्मपालनं, शिकवलंय. पन इचारतंय कोन? कापसावर फवारनी जोरात चाललेली अन् बाई दुकानात माशा मारत बसलेली. एक दिवस म्हनली, "रामकिशन भाऊ, धम्मपाल पुण्याला बोलवायलाय. पंधरा दिवस बघते. हाताला काम आलं तर ठीक, न्हाईतर शटर वढून जाते."

बाई जानार म्हनल्यावर मला राहवलं न्हाई. अन् त्या भरात मी गाढवपना केला. दिनकररावाला जाऊन सांगितलं.

दिनकरराव आमच्या बाजारपेठेचा पुढारी. मनानं चांगला मानूस, खोटं कशाला बोलू. पन त्याला दुनियेतल्या सगळ्या दुखण्यावर एकच औषध माहीत, सत्कार. "गावातला धंदा गावातच टिकला पायजे!" म्हनून त्यानं माझ्याच टेबलावर हात आपटला. संध्याकाळपर्यंत 'स्थानिक धंदे टिकवा समिती' तयार. दुसऱ्या दिवशी बाईच्या दुकानापुढं मांडव पडला. स्टेज पार शटरला चिकटवून, का तर फोटोत दुकानाची पाटी दिसली पायजे. शटर अर्ध्याच्या वर जाईना. बाई वाकून आत जायची, वाकून भायेर यायची, अन् भायेर आली की कुनीतरी गळ्यात हार घालायचं.

पैला सत्कार व्यापाऱ्यांचा. मग शिक्षकांचा. मग गल्लीतल्या क्रिकेटच्या संघाचा. पार झरीहून एक मंडळ टेम्पो करून आलं, त्यांना आमच्या बाईचं नावबी धड माहीत नव्हतं. सातव्या दिवशी समितीनं चांगुणाबाईच्या हातानं सोताचाच सत्कार करून घेतला. आता काय बोलावं!

त्याच दिवशी बाईचं जुनं गिऱ्हाईक, कापूसवाला सिताराम, पंप खांद्यावर टाकून आला. बाई खुर्चीवर फेटा बांधून बसलेली. त्यानं लांबूनच बघितलं, टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला अन् पंप घेऊन माघारी निघाला. मी मागं पळालो. "अरे, दे की पंप!"

"येडा झाला का तू? फेटा बांधलेल्या बाईला नोझल काढ म्हनू? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव!"

असे रोज दहा-पाच जन यायचे अन् अदबीनं माघारी जायचे. भाषनात दिनकरराव घसा कोरडा करून सांगायचा, "पंप फेकू नका, बाईकडं आना!" लोक माना हलवायचे. आननार म्हनजे आननार, पन सत्कार उरकल्यावर. मधीच काम सांगनं बरं दिसत न्हाई.

एका दुपारी बाई हाटेलात येऊन बसली, हात टेबलावर पसरले. "बघा भाऊ, नखात ग्रीस न्हाई. एकोनीस वर्षांत पैल्यांदा." तिचे डोळे भरले. सत्काराच्या गर्दीनं माझा चहा दुप्पट खपत होता, अन् मला त्या चहाचीच लाज वाटायली.

पंधराव्या दिवशी बारावी शाल. बाईनं माईक हिसकूनच घेतला. "मला शाल नगं! मला काम द्या!"

लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. "काय साधी बाई हो! काई घमेंड न्हाई!" दिनकररावानं डोळे पुसले. बाईनं माईक ठेवला, अन् दुसऱ्या दिवशी नऊच्या गाडीनं पुण्याला निघाली. तिची पिशवी वर चढवून मीच तिला बसवून दिलं.

गाडी गेली, मांडव सुटला. अन् तासाभरात दुकानापुढं लाईन! सिताराम सगळ्यात पुढं. प्रत्येकाच्या खांद्यावर पंप, कुनाकुनाच्या दोन्ही खांद्यांवर. मी मोजले, चाळीस.

"आता बाई मोकळ्या झाल्या असतील म्हनून आलो," सिताराम म्हनला. "शटर कवा उघडायल्यात?"

माझ्या तोंडात आलेली शिवी मी कशी गिळली ते माझं मला ठाऊक. फोन लावला. "बाई, कुठपर्यंत गेलात?"

"गंगाखेडच्या स्टँडातून गाडी निघायलीय. का?"

"चाळीस पंप आलेत."

पलीकडनं बाईचा आवाज, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा. "ओ कंडक्टर! बेल मारा! मला उतरायचंय!" अन् मग मला, "टाक्या धुऊन आनल्यात का इचारा मुडद्यांना!"

हे ऐकून मांडव सोडवून घ्यायला आलेला दिनकरराव उभ्या उभ्या फुलवाल्याला फोन लावायला लागला. परतीचं स्वागत! मी त्याचा हातच धरला. "मालक, पाया पडतो. हार ठेवा. घरी जा अन् तुमचा पंप घेऊन या."

तो गेला. मीबी हाटेल उघडं टाकून घराकडं पळालो. माझा पंप दोन सालांपासून गोठ्यात पडलेला, अन् बाईच्या शेजारी बसूनबी मी तो तिला कधी दाखवला नव्हता.